ताईंनी जरा गोड बोलावं

माझ्याविरुद्धची पहिली तक्रार ज्याने केली, त्याचं काम मी वाचवलं होतं. त्याने लिहिलं, ‘मॅडमना नॉलेज आहे, पण बोलण्यात माया नाही.’ मी त्याला एवढंच कळवलं होतं की हा प्रोग्रॅम चुकलाय, तिसरी ओळ काढून टाक, नाहीतर टूल तुटेल. त्याने ओळ काढली, टूल तुटलं नाही. मला पाचापैकी दोन तारे मिळाले, आणि ते दोन तरी कशाबद्दल होते हे मला अजून कळलेलं नाही.

मी ऑनलाइन मेंटॉर आहे. त्याआधी साकीनाक्याला साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षं सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहायचे. ही मशीन लोखंड कापते, पण तिला कुठे जायचं, किती खोल जायचं, कुठलं टूल, म्हणजे कापायचं हत्यार, हातात घ्यायचं हे सगळं आकड्यांच्या ओळींत लिहून द्यावं लागतं. ओळ चुकली तर मशीन तुम्हाला विचारत बसत नाही. लिहिलंय ते करून मोकळी होते. पुढे कारखाना वसईपलीकडे हलला. चारकोपच्या घरात सासूबाईंना दिवसभर एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून मी गेले नाही. शिकाऊ ऑपरेटरांना मोबाइलच्या ॲपवरून मार्गदर्शन करणाऱ्या एका कंपनीत नाव नोंदवलं. काम सोपं. शिकणारा ॲपवर आपला प्रोग्रॅम पाठवतो (एकमेकांचे फोन नंबर दिसत नाहीत), आम्ही तो तपासून उत्तर लिहितो, आणि उत्तर वाचून तो आम्हाला तारे देतो. म्हणजे आम्ही त्याचा प्रोग्रॅम तपासायचा आणि त्याने आम्हाला तपासायचं.

मी मालवणी घरातली. आमच्याकडे जेवायला बोलावतानाही ‘गिळूक ये’ म्हणतात आणि माणूस हसत पाटावर येऊन बसतो. साकीनाक्याला तर त्याहून मोकळा कारभार होता. चूक दिसली की तिथल्या तिथे ओरडायचं, कारण सभ्य वाक्य पूर्ण होईपर्यंत एखाद्याचं बोट गेलेलं असतं. मला ओरडून शिकवलं गेलं, मी ओरडून शिकवलं, आणि त्या कारखान्यातल्या कुणीही मला कधी मायेबद्दल विचारलं नाही. ॲपवर आले आणि पहिल्याच महिन्यात कळलं की इथे माझ्याकडून लोकांना दोन गोष्टी हव्या आहेत, उत्तर आणि माया, आणि त्यांतलं उत्तर नसलं तरी चालेल.

साकीनाक्याचाच माझा एक जुना सहकारी याच कंपनीत मेंटॉर होता. अजूनही आहे. मुलुंडला राहतो. कारखान्यात आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो, एकमेकांना अरेतुरे. त्याची उत्तरं मी पाहिलेली आहेत. ‘चूक. पुन्हा कर.’ ‘वेग कमी कर.’ ‘असं नाही चालत.’ संपलं उत्तर. खाली लोकांचे शेरे असत: ‘सर एकदम टू द पॉइंट.’ ‘सरांचा कॉन्फिडन्स झकास.’ एकदा घाईत त्याने एकाला भलताच वेग सांगितला आणि त्या बिचाऱ्याचं तयार होत आलेलं काम भंगारात गेलं. तरी पाच तारे. ‘सरांनी लगेच रिप्लाय दिला.’

मी त्याला फोन केला.

‘अरे, तुझ्यामुळे त्याची वाट लागली आणि तो तुला पाच तारे देतो?’

‘मग काय करू? परत करू?’ तो म्हणाला. ‘तू पण ना यार, फार मनाला लावून घेतेस.’

त्याला सगळे पहिल्या दिवसापासून सर म्हणत. मी आधी मॅडम होते आणि दोनचार दिवसांत ताई झाले. ताई झालं की संपलं. ताईला अंगात ताप आहे म्हणून सांगता येतं, सुपरवायझरची चुगली करता येते, घरच्यांनी लग्नाचं काढलंय म्हणून रडताही येतं. तोच माणूस सरांना फक्त प्रोग्रॅम पाठवतो आणि खाली ‘सर प्लीज चेक’ लिहितो. इतकं सगळं ऐकून घेतल्यावर ताईने ‘हे चूक आहे’ म्हटलं की त्याला घरातल्या माणसाने हात उगारल्यासारखं होतं. मुली वेगळ्या वागत असतील असं कुणाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. मुली जास्त दुखावतात आणि जास्त सविस्तर लिहितात.

आमच्यात आणखी बायका मेंटॉर होत्या. त्यांची उत्तरं वाचून मला कळायचंच नाही की त्या सांगताहेत की विचारताहेत. ‘मला वाटतं, कदाचित इथे थोडं...’ ‘असं करून बघायला हरकत नसावी, तुमचं काय मत?’ अहो, ड्रिल किती खोल जाणार यात मत कसलं? त्यांच्यातल्या एकीला मी सरळ विचारलं, तू असं का लिहितेस गं, तुला येत नाही का?

‘येतं,’ ती म्हणाली. ‘पण तुझं काय चाललंय ते बघतेय ना मी.’

तक्रारी साठल्यावर कंपनीने मला संवादकौशल्याच्या वर्गाला बसवलं. तोही ऑनलाइनच. स्क्रीनवर चौकटीचौकटींत सगळ्या बायका, आणि एकच पुरुष, तो शिकवायला. मुलुंडच्या सरांना बोलावणं नव्हतं. या शिकवणाऱ्याने जन्मात कधी लोखंड कापलेलं नव्हतं, पण कसं बोलावं हे त्याला ठाऊक होतं. त्याने आम्हाला सँडविच शिकवलं. आधी कौतुक, मध्ये सूचना, शेवटी पुन्हा कौतुक. ‘समोरच्याला खाताना फक्त मऊ लागलं पाहिजे,’ तो म्हणाला.

मी विचारलं, ‘मधली गोष्ट समोरच्याच्या लक्षातच आली नाही तर?’

‘ताई,’ तो हसून म्हणाला, ‘प्रश्न विचारण्याचीसुद्धा एक पद्धत असते.’

बाकीच्या बायका हसल्या. त्यांच्यावर चिडायची सोय नव्हती, कारण मीही हसले. अशा वेळी हसायची आपल्याला सवयच असते.

वर्ग संपल्यावर माझ्या ॲपमध्ये एक नवी सोय आली. उत्तर लिहून झालं की पाठवायच्या आधी खाली एक पिवळी पट्टी यायची: ‘तुमचा संदेश कठोर वाटू शकतो. बदलायचा का?’ ‘नको’, ‘थांब’, ‘चूक’ असला शब्द आला की हमखास. पट्टी न जुमानता संदेश पाठवला तर तो कंपनीच्या कुणातरी माणसाकडे तपासायला जायचा आणि माझ्या नावावर तक्रार म्हणून लागायचा. आणि मला आधीच बजावलेलं होतं की आता एक जरी तक्रार आली तरी काम बंद. मी मुलुंडला विचारलं, तुला येते का रे अशी पट्टी?

‘कसली पट्टी?’ तो म्हणाला.

मला कामाची गरज होती. ती का होती हे इथे लिहून कुणाची दया मिळवायची माझी इच्छा नाही. घरात बसून करता येईल असं, मला येत असलेलं, दुसरं काम नव्हतं, एवढं पुरे.

त्याच सुमाराला ती मुलगी माझ्याकडे आली. चारकोपजवळच्या कोळीवाड्यातली, आई मासे विकणारी, भाऊ बोटीवर. ही आयटीआय करून आमच्याच चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागली होती. घेतलं मशीन चालवायला आणि बसवलं पॅकिंगला. मशीनवरून तयार होऊन आलेले लोखंडी भाग तेल लावून कागदात गुंडाळायचे आणि खोक्यात भरायचे. मशीनवर सगळे पुरुष. हिने मालकाच्या मागे लागून लागून एक संधी मिळवली होती. एक प्रोग्रॅम तिने स्वतः लिहायचा आणि सगळ्यांसमोर स्वतः मशीनवर चालवून दाखवायचा. जमलं तर एक मशीन तिच्या हातात. नाही जमलं तर पुन्हा पॅकिंग, आणि पुन्हा कधी विचारायचं नाही.

‘ताई, माझ्याआधी इथं कुठल्याच बाईनं मशीनला हात लावलेला नाय,’ तिने मला पहिल्याच दिवशी आवाजी संदेश पाठवून सांगितलं. पाठीमागे कुणीतरी हातोडी मारत होतं आणि ती त्याच्यावर आवाज चढवून बोलत होती.

मला ती आवडायची. हुशार होती, आणि एकदा सांगितलेली चूक पुन्हा करत नसे. साकीनाक्याला असती तर मी तिला वर्षभरात तयार केली असती. पण तारे देण्याच्या बाबतीत तीही बाकीच्यांसारखीच. सुरुवातीला मी तिला एका प्रोग्रॅमवर ‘हे असं चालणार नाही’ लिहिलं, तर तिने चार तारे दिले आणि शेरा मारला, ‘ताई चांगल्या आहेत, जरा रागावतात.’ तिच्या दृष्टीने ते कौतुकच होतं. कंपनीने त्यातलं ‘रागावतात’ तेवढं उचललं आणि तक्रार नव्हे, पण ताकीद म्हणून माझ्या नावावर मांडलं. मी एक दिवस कामात होते तेव्हा तिने मुलुंडच्या सरांनाही प्रश्न विचारला होता. त्याने लिहिलं, ‘बेसिक कच्चं आहे. पुस्तक वाच.’ त्याला पाच तारे.

मी तिला विचारलं, ‘तुला राग नाही आला गं?’

‘सर आहेत ना ते,’ ती म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पण मी मूग गिळले आणि तिला पुढचा धडा दिला.

चालवून दाखवायच्या आदल्या दुपारी तिने पूर्ण प्रोग्रॅम पाठवला. सासूबाई जेवून आडव्या झाल्या होत्या, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम खरोखर चांगला होता. ओळी स्वच्छ, टूलचा क्रम बरोबर, उगाच फाफटपसारा नाही. आणि खाली पाचव्या टूलपाशी चूक. वरच्या ओळी खाली उतरवताना नवशिके करतात ती. मशीनमध्ये प्रत्येक टूलची लांबी त्याच्या नंबराने साठवलेली असते. टूल हातात घेताना मशीनला त्याच्या लांबीचा नंबरही सांगावा लागतो. हिने टूल पाचवं घेतलं होतं आणि लांबीचा नंबर तिसऱ्याचाच राहू दिला होता. तिसरं टूल आखूड, पाचवं लांब. म्हणजे मशीनला वाटणार की आपल्या हातात आखूड टूल आहे, आणि ती तेवढी जास्त खाली येणार. पूर्ण वेगात, काम पकडून ठेवणाऱ्या लोखंडी व्हाइसमध्ये.

मी लिहिलं: ‘थांब. हा प्रोग्रॅम मशीनला लावू नकोस. पाचव्या टूलला तिसऱ्याची लांबी दिली आहेस. टूल व्हाइसमध्ये घुसेल. नंबर बदल आणि मला परत पाठव. उद्या आधी हवेत चालव, कोण हसलं तरी.’

हवेत चालवणं म्हणजे मशीनला बरंच वर ठेवून सगळा प्रोग्रॅम नुसताच फिरवून बघणं. काही कापलं जात नाही, पण चूक असली तर दिसते. जुने कारागीरही नवा प्रोग्रॅम असाच बघतात.

पिवळी पट्टी आली. ‘थांब’ काढला तरी गेली नाही. ‘नकोस’ काढला तरी गेली नाही. मग ‘घुसेल’वर आक्षेप आला. शेवटी मी सगळं पुसलं आणि वर्गात शिकवल्याप्रमाणे लिहिलं:

‘अगं किती छान लिहिलंयस! ओळी इतक्या स्वच्छ आहेत की बघून आनंद झाला. वेळ मिळाला तर पाचव्या टूलच्या लांबीचा नंबर एकदा नजरेखालून घाल, आणि आधी हवेत चालवून बघायलाही हरकत नाही. बाकी एकदम झकास. उद्यासाठी खूप खूप शुभेच्छा!’

पट्टी आली नाही. लिहिताना मी भयंकर चिडलेली होते आणि त्या रागातच मी ते जितकं गोड करता येईल तितकं गोड केलं. गोड हवंय ना, घ्या गोड. पाठवलं. तिचं उत्तर लगेच आलं, हृदयं आणि जोडलेले हात. ‘थँक्यू ताई, आता टेन्शन गेलं.’ पाच तारे. शेरा: ‘ताई किती प्रेमाने समजावतात.’

ती नंबर बदलून प्रोग्रॅम परत पाठवेल म्हणून मी वाट पाहिली. पाठवला नाही. हुशार मुलगी आहे, बदलला असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढच्याचा प्रोग्रॅम उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा आवाजी संदेश आला. आधी बराच वेळ नुसतं रडणं. मग तिने तुटक तुटक सांगितलं ते असं. सगळे आपापल्या मशीन सोडून बघायला जमले होते. मालक मागे उभा. तिने प्रोग्रॅम लावला तेव्हा एका ऑपरेटरने विचारलं, ‘हवेत चालवणार काय?’ दुसरा म्हणाला, ‘घाबरली वाटतं.’ तिच्या मनात आलं, ताईंनी हवेत चालवायला हरकत नाही म्हटलंय, म्हणजे नाही चालवलं तरी हरकत नाही. आणि घाबरली असं तिला त्या माणसांकडून ऐकायचं नव्हतं. तिने बटण दाबलं. चार टूल व्यवस्थित गेली. कुणीतरी ‘वा’ म्हणालंसुद्धा. मग पाचवं खाली आलं.

‘ताई, मी लाल बटण दाबेपर्यंत सगळं झालेलं,’ ती म्हणाली.

टूलचे तुकडे झाले. व्हाइसला चीर गेली. टूल धरून फिरवणाऱ्या मशीनच्या स्पिंडलमधून खरखर आवाज यायला लागला. मशीनचं दार बंद होतं म्हणून कुणाला लागलं नाही. मालक ओरडलादेखील नाही. ‘पॅकिंगला जा,’ एवढंच म्हणाला, आणि ती सगळ्यांच्या मधून चालत गेली.

ते ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. ‘मी सांगितलं होतं’, हे आलं. ती रडत होती आणि मी तिला लिहिलं, ‘मी नंबर बघायला सांगितलं होतं.’

‘वेळ मिळाला तर बघ म्हणालात ना ताई,’ तिने लिहिलं. ‘मला वाटलं असंच म्हणताय.’

आता मी छाती पिटून माझं चुकलं म्हणेन अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती सोडा. मला जे लिहायला शिकवलं तेच मी लिहिलं, आणि तिला जे वाचायला शिकवलं तेच तिने वाचलं. ताईने कौतुक करायचं असतं आणि ताईची सूचना ही लोणच्यासारखी ताटात बाजूला असते, खाल्ली तर खाल्ली. हे तिला कुणी वर्गात बसवून शिकवलं नव्हतं, तिला ते आधीच येत होतं.

मुलुंडला फोन केला. दुसऱ्या कुणाला करणार?

‘मला पाठवायचास ना प्रोग्रॅम,’ तो म्हणाला. ‘दोन शब्दांत सांगितलं असतं.’

‘तेच दोन शब्द मी लिहिले होते रे.’

‘मग पाठवायचे.’

‘आणि काम गेलं असतं माझं?’

‘चल, एवढ्यावरून कुणाचं काम जातं का?’

तो मला टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याचं म्हणणं इतकं निर्मळ होतं की त्याला त्या क्षणी समोर उभा करून थोबाडीत द्यावीशी वाटली. मी फोन ठेवला.

महिनाअखेरीला कंपनीची सगळ्या मेंटॉरांची सभा झाली. या वेळी पुरुषही होते. तो सँडविचवाला शिक्षक स्क्रीनवर आला आणि त्याने एक संदेश सगळ्यांना दाखवला, नाव झाकून. माझा होता. ‘अगं किती छान लिहिलंयस’पासून शुभेच्छांपर्यंत आख्खा. खाली तिची हृदयं आणि पाच तारे.

‘हे बघा,’ तो म्हणाला. ‘सूचना किती अलगद दिली आहे. आपल्याला सूचना मिळतेय हे समोरच्याला कळतसुद्धा नाही.’

मी माइक सुरू केला. ‘नाहीच कळली,’ मी म्हटलं. ‘हा संदेश माझा आहे. त्या मुलीने नंबर बदलला नाही. मशीन मोडली. ती आता खोकी भरतेय.’

मग तो म्हणाला, ‘अरेरे, वाईट झालं. पण ते तिच्या कारखान्यात झालं ना, ताई? आपल्या संवादात काही कमी नव्हती. तिने स्वतः पाच तारे दिलेत.’ आणि त्याने पुढचं पान लावलं. मुलुंडच्या चौकटीत माझा मित्र चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला, पण माइक बंदच ठेवला.

माझ्या शब्दांनी त्या पोरीची मशीन काढून घेतली आणि त्याच शब्दांना आता बक्षीस मिळत होतं. त्या रात्री मी ठरवलं, कारखान्यात जायचं. मालकाला भेटायचं आणि सांगायचं की मुलीला येतं, तिचा प्रोग्रॅम चांगला होता, एकच नंबर राहिला होता आणि तो मला दिसला होता. मी तिला धडपणे सांगितलं असतं तर तिने एका मिनिटात बदलला असता. तिला अजून एकदा उभी करा. इतकी वर्षं साकीनाक्याला काढलेल्या बाईचं तो ऐकेल अशी माझी खात्री होती.

इस्टेट आमच्या सेक्टरपासून चालत जाण्यासारखी. जेवणाच्या सुट्टीत मी गेटपाशी पोचले आणि ॲपवर तिला कळवलं. ती बाहेर आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. आवाजावरून वाटायची त्यापेक्षा लहानखुरी होती, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, बोटांना तेल आणि त्याच्यावर कागदाचा भुगा चिकटलेला. मला बघून तिने वाकून नमस्कार करायला हात पुढे केला आणि बोटं घाण आहेत म्हणून मागे घेतला.

‘मी तुझ्या मालकाला भेटायला आलेय,’ मी म्हटलं. ‘चल.’

‘नको ताई.’

‘का नको? मी सांगते त्याला काय झालं ते.’

‘काय झालं ते त्यांना माहीत हाय,’ ती म्हणाली. मग तिने मला बाजूला, पानाच्या टपरीच्या सावलीत नेलं आणि सगळं सांगितलं. मशीन मोडली त्या दिवशी संध्याकाळी मालकाने तिला विचारलं होतं, प्रोग्रॅम कुणाला दाखवला होतास का? तिने फोन काढून माझा संदेश दाखवला. त्याने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. लोक पोट धरधरून हसले. अजून हसतात. ती चिकटपट्टी घ्यायला उठली की कुणीतरी म्हणतं, वेळ मिळाला तर खोकं भर गं.

‘मालक म्हणाले, जिला येतं ती बाई असं लिहील काय?’ ती म्हणाली. ‘म्हणाले, तुझ्या ताईलाच माहीत नाय, अंदाजानं लिहिलंय. ते मला काढूनच टाकणार होते, ताई. मी म्हटलं, हो, ताईंना नसेल कळलं. मला शिकवणारीच कच्ची निघाली. मग म्हणाले ठीक हाय, पॅकिंगला राहा.’

टपरीवाला आमच्याकडे बघत होता. माझं आख्खं आयुष्य ज्या एका गोष्टीवर उभं होतं, की मला येतं, ती गोष्ट या पोरीने आपली नोकरी वाचवायला त्या हसणाऱ्या लोकांसमोर टाकली होती. आणि मला तिचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता, कारण तिच्याकडे टाकण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

‘पण खरं सांगा ताई,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला तेव्हा माहीत होतं?’

खोटं बोलता आलं असतं. मला ते सुचलंसुद्धा. पण साकीनाक्याची मी, लोखंडाच्या बाबतीत माझ्या तोंडून खोटं निघत नाही.

‘होतं,’ मी म्हटलं. ‘उघडल्या उघडल्या दिसलं होतं.’

‘टूल व्हाइसमध्ये जाणार हे पण?’

‘हे पण.’

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती हिशेब लावत होती, मी शिकवला तसा, एक एक ओळ तपासून. तपासून झाल्यावर तिने नजर खाली घेतली.

‘तुम्हाला माहीत नव्हतं असंच मी धरलेलं,’ ती म्हणाली. ‘तेच बरं होतं, ताई.’

आतून घंटा झाली. ती वळली, दोन पावलं गेली आणि परत येऊन म्हणाली, ‘आत येऊ नका हां. प्लीज. तुम्ही सांगितलं माहीत होतं म्हणून, तर सांगूनही मी ऐकलं नाय, अशी चूक माझीच ठरंल.’ हे ती अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने बोलली. मग धावत आत गेली.

मी आत गेले नाही. त्या कारखान्यात मी आजही अडाणी बाई आहे, आणि मी अडाणी आहे म्हणूनच तिची पॅकिंगची नोकरी टिकून आहे.